ट्रान्सपोजचं बटण आधी शून्यावर आणा

सर, तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि सकाळी उठून परत वाचली. धर्मग्रामाच्या, म्हणजे चर्चच्या, शाळेत संगीतशिक्षक आणि रविवारी त्याच चर्चमध्ये मराठी मिस्साचा, म्हणजे मुख्य उपासनेचा, गायकवृंद. हेडमास्तरांना स्नेहसंमेलन हवं, फादरना दर रविवार हवा, मुलं वरच्या सुरात जात नाहीत, गायकवृंदातल्या बायका कुरकुरतात. दोन वर्षांत गाण्यातला आनंद गेला, नाताळ पार पडला की सोडून द्यावं असं वाटतं, असं तुम्ही लिहिलं आहे. इथे बऱ्याच जणांनी ‘धीर धरा, प्रार्थना करा’ असा सल्ला दिला आहे. तो चुकीचा नाही. पण तुमच्या पोस्टमध्ये मध्येच एक ओळ आहे, तिच्याकडे कुणाचं लक्ष गेलेलं दिसत नाही. ‘मुलांना सोपं जावं म्हणून सगळी गाणी कीबोर्डवर चारने खाली घेतो.’ म्हणजे अख्ख्या गाण्याची पट्टी वर-खाली सरकवणारं ट्रान्सपोजचं बटण चार पायऱ्या खाली.

ती ओळ वाचून माझ्या पोटात खड्डा पडला. मी पाचने घेत होतो.

वसईत अशाच एका शाळेत आणि चर्चमध्ये मी सव्वीस वर्षं हे काम केलं. १९९४ साली लागलो. मिस्साची रचना, कोणतं गीत कुठे, बायबलवाचनांच्या तीन वर्षांच्या चक्रातली अ-ब-क वर्षं हे तुम्हाला येत असणारच, त्यात शिरत नाही. मला फक्त माझी ती एक चूक सांगायची आहे, कारण तिची किंमत मी भरली नाही, एका मुलीने भरली.

माझा आवाज खर्जाचा. सफेद एक, म्हणजे पेटीच्या पहिल्या पांढऱ्या स्वरावर सा, ही माझी हक्काची पट्टी. तिथे मला हरकती सुचतात, गळा मोकळा लागतो. त्यामुळे गायकवृंदाची सगळी गीतं हळूहळू सफेद एकमध्ये आली. मला वाटायचं, खालची पट्टी म्हणजे मुलांनाही सोपी. प्रत्यक्षात काय होतं ते बघा. आपल्या बहुतेक भक्तिगीतांची चाल मंद्र पंचमापासून (खालच्या सप्तकातला प) मध्य धैवतापर्यंत (मधल्या सप्तकातला ध) फिरते. सफेद एकमध्ये तो मंद्र पंचम दहा-अकरा वर्षांच्या मुलाला जवळजवळ लागतच नाही. मूल तिथे गात नाही, बोलतं किंवा गुरगुरतं. त्यात आपण पुरुष, आपला आवाज मुलांपेक्षा एक सप्तक खाली. मुलं ऐकतील तसं म्हणतात, त्यामुळे ती आपल्या त्या खालच्या आवाजाशी जुळवायला गळा दाबतात. वरचा हलका आवाज, जो त्या वयात आपोआप लागायला हवा, तो वापरलाच जात नाही. मग एखाद्या नाताळगीतात चाल वर गेली की मुलं किंचाळतात, आणि आपण म्हणतो, ‘मुलं वर चढत नाहीत.’ आणि अजून एक बटण खाली.

मे १९९८ मध्ये वसई मुंबईपासून वेगळा धर्मप्रांत, म्हणजे स्वतःचा बिशप असलेला विभाग, झाला. सगळीकडे उत्साह होता आणि त्या वर्षीचा नाताळ आपण मोठा करायचा असं मी मनाशी ठरवलं होतं. सहावीतली एक मुलगी, माझ्या गायकवृंदातला सगळ्यात चांगला आवाज. मध्यरात्रीच्या मिस्साला बायबलच्या वाचनानंतरचं प्रतिसाद स्तोत्र तिने एकटीने म्हणायचं ठरलं. ऑक्टोबरच्या सहामाही परीक्षेनंतर तिचा आवाज घोगरा झाला. मी ज्येष्ठमध दिला, हळदीचं दूध घ्यायला सांगितलं आणि सराव चालू ठेवला. ‘जोर लाव, मागच्या बाकापर्यंत पोचलं पाहिजे,’ हे माझे शब्द. आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळआधीच्या चार आठवड्यांतल्या, दुसऱ्या रविवारी तिच्या तोंडून आवाजच फुटेना. घशाच्या डॉक्टरांनी स्वरतंतूंवर गाठी आल्याचं सांगितलं. सहा आठवडे गाणं पूर्ण बंद, बोलणंही गरजेपुरतं.

तिची आई मिस्सानंतर मला भेटायला आली. रागावली नाही. एवढंच म्हणाली, ‘सर, डॉक्टर विचारत होते, हिला गायला कुठल्या पट्टीत लावतात? आम्हाला काय सांगायचं ते कळलं नाही.’ मलाही सांगता आलं नाही. तोपर्यंत तो प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता. तिच्या गाठी पुढे बऱ्या झाल्या, पण ती गायकवृंदात परत आली नाही. आज ती स्वतः आई आहे, रविवारी लोकांमध्ये बसून गाते. मला भेटली की आदराने बोलते. तो आदर मला आजही जड जातो.

(मी डॉक्टर नाही. सगळा दोष पट्टीचाच होता असा माझा दावा नाही, मुलं मैदानावरही ओरडतातच. पण दोन आठवड्यांपेक्षा जास्त काळ एखाद्या मुलाचा आवाज घोगरा राहिला तर काढे बंद करा आणि पालकांना डॉक्टरकडे जायला सांगा.)

मैदानावरून आठवलं. सरावासाठी शाळेच्या वेळेत एक तास मिळावा म्हणून मी तीन वर्षं अर्ज केले. एक कार्यालय म्हणायचं, हा चर्चचा गायकवृंद, तिकडे विचारा. दुसरं म्हणायचं, मुलं शाळेची, तिकडे विचारा. दोन्ही कार्यालयं एकाच आवारात, मध्ये फक्त एक आंब्याचं झाड. शेवटी सराव शाळा सुटल्यावर खेळाच्या मैदानालगतच्या वर्गात ठेवला. मुलं भुकेली, दमलेली, कवायतीत ‘एक साथ’ ओरडून आलेली आणि त्याच गळ्यांकडून मी गाणं मागत होतो. त्या टोलवाटोलवीचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. तुम्ही अशा फेऱ्या मारू नका. फादर आणि हेडमास्तर दोघांना एका वेळी, एका खोलीत बसवा आणि वार, वेळ, खोली एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. मधल्या सुट्टीआधीची पंचवीस मिनिटं आठवड्यातून दोनदा मिळाली, तरी शाळा सुटल्यावरच्या दीड तासापेक्षा ती मोलाची. आणि सरावाआधी मुलांना काही द्यायचं तर केळं द्या. सुकेळी (सुकवलेली केळी) नको, घशाला चिकटते.

आता करायचं काय. माझं मत सांगतो, तुमच्याकडची परिस्थिती बघून घ्या.

बटण टप्प्याटप्प्याने शून्यावर आणा आणि प्रत्येक गीत नव्याने बघा. चाल मंद्र पंचम ते धैवत असेल तर मुलांना सफेद चार बसते. आणि गंमत म्हणजे तीच पट्टी लोकांनाही बसते. पुरुष एक सप्तक खाली आरामात गातात, बायकांनाही फार वर जावं लागत नाही. अडचण फक्त आपल्यासारख्या खर्जवाल्यांना होते, ती आपण सोसायची. पण एकदम पाच पायऱ्या चढवाल तर पुढच्याच रविवारी बंड होईल. मी जूनमध्ये शाळा उघडल्यावर सुरुवात केली, महिन्याला एक पायरी, कुणालाही न सांगता. आगमनकाळ येईपर्यंत सफेद चार आली. ज्या मावशी ‘सर, वर जात नाही’ म्हणायच्या, त्यांच्यातल्याच एकीने विचारलं, ‘यंदा गाणी हलकी का वाटतात?’

मुलांना शिकवताना स्वतः गाऊन दाखवायचं कमी करा. आठवीतली एखादी हलक्या आवाजाची मुलगी नमुना म्हणून घ्या, नाहीतर बासरीवर वाजवून दाखवा. सुरुवातीला पाच मिनिटं घुबडाचा ‘हूऽऽ’ वरून खाली आणायला लावा, कटलेला पतंग तरंगत येतो तसा. वरून खाली येताना वरचा आवाज आपोआप लागतो. खालून वर चढवलंत की मूल जाड आवाज ओढत वर नेतं आणि मध्येच अडकतं. ‘जोरात’ हा शब्द वर्गातून हद्दपार करा. मुलांच्या पुढ्यातला माइक काढून टाका. त्यावरून माझं एका उत्साही विश्वस्तांशी वाजलं होतं, पण मी मागे हटलो नाही.

ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ तर देणगी समजा. गौरव स्तोत्र नाही, आलेलुया नाही, वाद्यं फक्त गाण्याला आधार देण्यापुरती. आम्ही त्या दिवसांत कीबोर्ड जवळजवळ बंद ठेवायचो आणि मुलांना फादर स्टीफन्सच्या ख्रिस्तपुराणातल्या, म्हणजे मराठीतल्या जुन्या ख्रिस्ती काव्यातल्या, दोन-चार ओव्या शिकवायचो. १६१६ साली छापलेलं काव्य, पण ओवी चार-पाच सुरांत फिरते, ओरडावं लागत नाही आणि शब्द स्वच्छ म्हणावे लागतात. वाद्याशिवाय मुलं एकमेकांचं ऐकायला लागतात. मला त्या चाळीस दिवसांत जेवढा आनंद मिळाला, तेवढा नाताळात कधी मिळाला नाही.

‘आनंद गेला’ असं तुम्ही लिहिलंत, त्याबद्दल. माझा आनंद ज्या गोष्टीने परत आणला, ती मला फार उशिरा सापडली. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा उपासनेवरचा दस्तऐवज ४ डिसेंबर १९६३ चा. लोकांनी मिस्सामध्ये मनापासून भाग घ्यावा हा त्याचा आग्रह आपण सगळे ऐकून आहोत. पण ५ मार्च १९६७ रोजी पवित्र संगीतावर जी सूचना निघाली, ती आपण गायकवृंदवाले वाचत नाही. काय गायचं याचा क्रम तिने लावून दिला आहे. सगळ्यात आधी धर्मगुरू आणि लोक यांच्यातले संवाद, ‘पवित्र, पवित्र’, ‘हे आमच्या बापा’. मग दयायाचना, गौरव स्तोत्र, ‘देवाच्या कोकरा’. प्रवेशगीत, अर्पणगीत वगैरे त्यानंतर. आम्ही नेमकं उलटं करत होतो. चार गीतांवर महिनाभर घाम गाळायचा आणि ‘प्रभू तुम्हाबरोबर असो’चं उत्तर लोक पुटपुटले तरी चालायचं.

फादरांशी बोलून आम्ही वर्षभर एवढंच केलं. संवाद आणि ‘पवित्र, पवित्र’ एकाच साध्या चालीत, दर रविवारी तेच, नवीन गीत महिन्यातून फक्त एक. तक्रारी आल्या, ‘तेच तेच काय’. गणेशोत्सवाच्या सुट्टीतल्या एका रविवारी गायकवृंदातली निम्मी मुलं गावाला गेली होती आणि माझा घसा बसला होता. गॅलरीतून मी फक्त सूर दिला. खालून अख्खं चर्च गाऊ लागलं, म्हातारे, मासळीवाल्या, कडेवर मुलं घेतलेले बाप, सगळे एका पट्टीत. मी तिथे उभा राहून रडलो. ‘यश’ म्हणून मला विचाराल तर मी त्या रविवारचं नाव घेईन. स्पर्धेच्या ढाली आमच्याकडेही आहेत, कार्यालयाच्या कपाटात.

स्नेहसंमेलनाचं थोडक्यात. आपल्या शाळेत सगळ्या धर्मांची मुलं असतात, शाळेचा गट आणि चर्चचा गट एक समजू नका. गीतं वेगळी ठेवा, गळ्याचा व्यायाम मात्र दोन्हीकडे तोच. हेडमास्तरांना जुलैमध्येच दोन गाणी ठरवून द्या, डिसेंबरमध्ये तिसरं मागितलं तर नम्रपणे नाही म्हणा. आवाज फुटलेल्या आठवी-नववीच्या मुलांना काढू नका. त्यांना खालच्या सप्तकात चार सूर द्या, तबल्यावर बसवा, पानं उलटायला ठेवा, पण ठेवा. त्या वयात बाहेर काढलेला मुलगा गायकवृंदातच काय, मिस्सालाही परत येईल याची खात्री नसते.

राजीनाम्याचा निर्णय तुमचा. मी एवढंच सुचवीन की नाताळच्या थकव्यात तो घेऊ नका, उपवासकाळ एकदा वाद्याशिवाय करून बघा, मग ठरवा. पट्टीही आगमनकाळाच्या तोंडावर एका पायरीपेक्षा जास्त चढवू नका, बाकीच्या जूननंतर.

प्रतिसाद स्तोत्र कोण म्हणणार ते मात्र याच आठवड्यात ठरवा, आणि दोघींना शिकवा. एकीचा आवाज जरा जरी घोगरा वाटला तर दुसरीला उभी करा, आणि पहिलीला आधीच नीट समजावून सांगा की यात तिची काही चूक नाही.