पाण्याच्या दिवशी तालीम ठेवू नकोस

सोलापूर

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज दोनदा वाचला. जुळे सोलापूर भागात आजी-आजोबा आणि कॉलेजची मुलं मिळून गाण्याचा गट काढायचा म्हणतोस, काढच. पण त्यात ‘दोन पिढ्यांमधला दुवा’, ‘संस्कारांची शिदोरी’ असं जे काही लिहिलंयस ते पहिल्या बैठकीत बोलू नकोस. म्हातारी माणसं दुवा व्हायला घराबाहेर पडत नाहीत आणि पोरं संस्कार म्हटलं की पळतात. गायला या, एवढंच सांग.

पहिली मारामारी होईल पट्टीवरून, म्हणजे पेटीच्या कुठल्या काळ्या-पांढऱ्या सुराला सा धरायचा यावरून. तुझ्या वयाच्या मुलांची पट्टी काळी एक, फार तर दोन. मुली काळी चार-पाचला मोकळ्या गातात. आजी मंडळी एकेकाळी तिथंच गायच्या, पण वयानं आवाज खाली येतो आणि त्या आता पांढरी चार किंवा काळी तीनवर येऊन थांबलेल्या असतात. आपला आवाज उतरलाय हे कुणी कबूल करत नाही. ‘आज घसा बसलाय’ म्हणतात आणि पुढच्या वेळेला येत नाहीत. म्हणून तू सरळ काळी तीन धर आणि चाल अशी निवड की ती मध्य षड्जापासून (मधल्या सा पासून) पंचमापर्यंत (प), फार तर धैवतापर्यंत (ध) फिरेल. तेवढ्या जागेत सगळे मावतात. तार षड्जाला, म्हणजे वरच्या सा ला भिडणारी चाल कितीही गोड असली तरी पहिले सहा महिने बाजूला ठेव. आठवी-नववीतल्या ज्या मुलांचा आवाज फुटतोय त्यांच्या हातात टाळ दे. त्यांना गायचा आग्रह करू नकोस, ती आधीच स्वतःच्या आवाजाला लाजत असतात.

कराओकेचं विचारलंयस. माझं मत विचारशील तर नको. ट्रॅकची पट्टी ठरलेली, लय ठरलेली, आणि एक जण माइक धरून गातो तेव्हा बाकीचे मोबाइलमध्ये डोकं घालून आपला नंबर यायची वाट बघतात. आपल्या गावात ते हौशी गट पुष्कळ झालेत, त्यांचा आनंद त्यांना लखलाभ. तुला जे हवंय ते त्यातून मिळायचं नाही, कारण तिथं कुणालाच शेजारच्याची गरज पडत नाही.

गरज कुठं पडते ते आषाढीच्या आधी बघ. शेगावहून पंढरपूरला निघालेली गजानन महाराजांची पालखी आपल्या शहरातून जाते, तेव्हा नुसतं दर्शन घेऊन परतू नकोस. एखाद्या दिंडीबरोबर थोडा चाल. वारकरी भजनाला उभे राहतात ते समोरासमोर दोन रांगा करून. एका बाजूनं चरण म्हणायचा, दुसरीनं उचलायचा. त्यात पोरगंही असतं आणि सत्तरीचे बुवाही. एक रांग गाते तोवर दुसरी दम घेते, त्यामुळे छाती कमजोर असलेला माणूसही तासभर टिकतो. तू हेच कर. मात्र एका रांगेत म्हातारे आणि दुसरीत तरुण असं बसवशील तर त्याच्या भेंड्या होतील. दोन्ही रांगांत वयं मिसळ. तरुणांना सांग, ओळीचा शेवटचा सूर तुम्ही धरून ठेवा, म्हणजे आजोबांनी मध्येच श्वास घेतला तरी ओळ तुटलेली ऐकू येणार नाही. आणि भजनी ठेका सावकाश सुरू कर. आठ मात्रांचा तर आहे, पण तबल्यावरचा पोरगा उत्साही असला की तिसऱ्या कडव्यापर्यंत तो एक्स्प्रेस गाडी करतो. त्याला तुझ्या नजरेसमोर बसव. तबला आजी लोकांच्या कानाशी नको. कान मंद झालेल्यांना मोठा आवाज म्हणजे स्पष्ट आवाज नसतो. खोली लहान असेल तर माइकही नको.

सगळ्यांना खुर्च्या दे. आजी खुर्चीत आणि पोरं सतरंजीवर असं केलंस की गाणं राहतं बाजूला, आशीर्वादाचा कार्यक्रम होतो.

आता वह्या. आमच्या मंडळात शहराच्या पूर्व भागातल्या एक आजी यायच्या, घरात तेलुगू, यंत्रमागावर आयुष्य गेलेलं. अभंग मराठी, पण त्यांच्या वहीत सगळे तेलुगू लिपीत उतरवलेले, प्रत्येक ओळीच्या टोकाला जिथं वळण घ्यायचं तिथं लाल पेननं एक आकडी. ती आकडी म्हणजे त्यांच्या सासूकडून आलेली चाल. वही कुणाला द्यायच्या नाहीत. कॉमर्सला असलेल्या एका मुलीनं त्यांच्या शेजारी बसून ते अभंग फोनमध्ये देवनागरीत टाइप करायला घेतले. आकडी आली की आजी थांबवायच्या, गाऊन दाखवायच्या, मुलगी रेकॉर्ड करायची. मग आजींनी तिच्याकडून व्हॉइस मेसेज पाठवायला शिकून घेतलं आणि रात्री साडेदहाला चाली यायला लागल्या! हे मी ठरवून घडवलेलं नव्हतं. पण तू ठरवून घडवू शकतोस. प्रत्येक वहीला एक टायपिस्ट लावून दे. सोलापुरात या गोष्टीला तोटा नाही. कानडी घरांत संत सिद्धरामेश्वरांची वचनं असतील, कुणाकडे जात्यावरच्या ओव्या, कुणाच्या वडिलांनी गिरणीच्या पाळीनंतर म्हटलेली भजनं. मराठीच पाहिजे असा हट्ट धरू नकोस. महिन्यातून एक कानडी, एक तेलुगू घे. त्या दिवशी आपण मराठी मंडळी कच्ची ठरतो, ते बरंच असतं. छापून देशील ती अक्षरं मात्र ठळक आणि मोठी दे, पानाला एकच अभंग.

नावं विसरणारे, तेच तेच विचारणारे कुणी आजोबा आले तर त्यांच्या घरच्यांना ‘नका आणू’ म्हणू नकोस. आमच्याकडे एक होते. शब्द विचारले की गोंधळायचे, पण शेजारच्यानं पहिला चरण सुरू केला की दुसरा त्यांच्या तोंडून आपोआप यायचा. त्यांना कधी ‘आठवतंय का’ असं विचारायचं नाही आणि एकट्याला गायला सांगायचं नाही. त्यांच्या डाव्या-उजव्या हाताला पक्के गाणारे बसवले की काम भागतं.

वेळेचं सगळ्यात महत्त्वाचं. आपल्याकडे काही दिवसांआड पाणी येतं. ज्या दिवशी तुझ्या भागात पाणी, त्या दिवशी तालीम ठेवलीस तर एकही बाई येणार नाही, आणि आली तरी तिचं लक्ष घरच्या टाकीकडे. त्यामुळे ‘दर गुरुवारी’ असं छापून टाकू नकोस. पाण्याचा अंदाज घेऊन आदल्या दिवशी ग्रुपवर टाक. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी साडेसातच्या आत कुणाला बोलावू नकोस, भिंती तापलेल्या असतात. जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा, परीक्षा, लग्नसराई हे दिवस सोडूनच दे.

स्पर्धा आणि स्टेज वर्षभर नको. बक्षिसाचा विषय निघाला की ‘कच्च्या आवाजांना मागे बसवा’ असं कुणीतरी म्हणतंच, आणि मागे बसवलेला माणूस परत येत नाही. हौस असेलच तर गणपतीत एखाद्या सोसायटीत जाऊन आरतीनंतर अर्धा तास गा.

पेटी विकत घेऊ नकोस, माझी ने. भाता ठीक आहे. मधल्या सप्तकातली पांढरी सहा जरा अडकते, बोट दाबून धरावं लागतं. काळी तीनमध्ये तोच कोमल गंधार (कोमल ग) येतो आणि भैरवी रागाला तो लागतोच, तेव्हा तेवढं सांभाळ. रविवारी दहानंतर ये, पाणी शनिवारी आहे.

तुझी,
मावशी