ती फट बुजवू देऊ नका

आजोबांच्या शिसवी कपाटाचा तुम्ही टाकलेला फोटो पाहिला. माथ्यावर दोन्ही बाजूंनी चढत आलेल्या पट्ट्या मध्ये न भेटताच गोल वळल्या आहेत. सुतार म्हणतोय, मधला तुकडा पडलाय, नवीन बसवून देतो. कृपा करून त्याला थांबवा. पट्ट्यांची टोकं वळवून, नक्षी करून पूर्ण केली आहेत. कपाट असंच घडवलेलं आहे.

या माथ्याला पेडिमेंट म्हणतात. मूळ ग्रीक देवळांचं. छपराची दोन पाखी आढ्याला मिळतात तिथे दर्शनी बाजूला जो त्रिकोण तयार होतो, तोच हा. अथेन्सच्या पार्थेनॉन देवळाच्या पूर्वेकडच्या त्रिकोणात अथेना देवीचा जन्म कोरला होता. मध्ये उंची भरपूर, पण कोपऱ्यात मूर्तीला जागा कुठली? तिथे शिल्पकारांनी एका टोकाला उगवत्या सूर्याचे घोडे आणि दुसऱ्या टोकाला मावळत्या चंद्रदेवीचे घोडे कोरले, नुसती डोकी दिसणारे. त्यातलं दमलेल्या घोड्याचं एक डोकं ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. अडचणीचीच शोभा करणं म्हणजे काय, ते त्यात दिसतं. मुंबईत अखंड त्रिकोण बघायचा तर टाउन हॉलला जा, 1833 चा.

पुढे पेडिमेंटचा छपराशी संबंध सुटला आणि ते सजावटीपुरतं उरलं. मग मध्ये फट ठेवून तिथे काहीतरी मिरवायची कल्पना आली. जॉर्डनमधल्या पेट्रा या प्राचीन नगरीत 'खजिना' नावाची कड्यात कोरलेली वास्तू आहे. तिच्या वरच्या मजल्यावर दुभंगलेल्या त्रिकोणाच्या मधोमध गोल मंडप आहे, त्यावर कलश. अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या कारागिरांनी हीच गोष्ट कपाटांवर आणली. सरळ पट्ट्यांना हंसाच्या मानेसारखा बाक दिला की तुमच्यासारखा माथा होतो. 1984 मध्ये न्यूयॉर्कच्या एटी अँड टी इमारतीच्या डोक्यावरही फिलिप जॉन्सन आणि जॉन बर्गी या वास्तुविशारदांनी अशीच फट ठेवली.

आता स्टूल घेऊन वर चढा. फटीत छोटी बैठक आहे का, तिच्यात खुंटीचं भोक किंवा वाळलेला सरस दिसतो का, बघा. तसं असेल तर तिथे कलश किंवा फूल होतं आणि तेवढंच हरवलंय. आमच्या घरच्या आरशाची अशीच फट मी एका सुताराकडून बुजवून घेतली होती. त्या ठिगळाचं पॉलिश आजही वेगळं दिसतं आणि जुनी नक्षी तासली गेली ती गेलीच.

भोक सापडलं तर वरून काढलेला फोटो टाका. मापावरून कलश केवढा असेल ते सांगता येईल.