खाडीतले रोहित: वाचकांचे प्रश्न

थंडी पडली, ठाणे खाडीत फ्लेमिंगो (आपले रोहित) उतरले, की तेच प्रश्न पुन्हा येतात. म्हणून एकदमच उत्तरं देतो.

ते इथे अंडी घालतात का?
नाही. त्यांची वीण कच्छच्या रणात होते.

केमिकलच्या पाण्यामुळे ते गुलाबी होतात, असं सोसायटीच्या ग्रुपवर आलंय.
ग्रुपवर काय येत नाही? रंग येतो तो शेवाळ आणि बारीक जलजीवांतल्या कॅरोटिनॉइड या रंगद्रव्यामुळे. पिल्लं करडीच असतात.

नेरूळला राहतो. इस्टेट एजंट म्हणतो, अभयारण्य आहे ना, मग आमचं तळं बुजलं तर बिघडलं कुठे?
त्या एजंटला पुढच्या भरतीला खाडीकाठी उभा करा. अभयारण्य 2015 साली जाहीर झालं, सुमारे 17 चौरस किलोमीटरचं. 2022 मध्ये रामसर, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागेचा आंतरराष्ट्रीय दर्जाही मिळाला. पण ही हद्द कागदावरची. रोहित ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलात चरतात. भरतीला तोच चिखल बुडतो, पाय टेकत नाहीत, आणि थवे नेरूळ-सीवूड्सच्या उथळ तळ्यांवर येतात. हे रोज दोनदा. तळी गेली तर त्या वेळात त्यांनी उतरायचं कुठे? आणि तळं मारायला डंपरभर राडारोडाही लागत नाही. खाडीचं पाणी आत आणणारी वाट बुजवली की झालं. पाणी कुजतं किंवा आटतं, मग ‘ही तर पडीक जागा’ म्हणायला मंडळी मोकळी. 2024 मध्ये नेरूळच्या डीपीएस शाळेजवळच्या तळ्यावर रोहित मेले, तेव्हाही बोट अशा बुजलेल्या वाटांकडेच गेलं. वर ‘फ्लेमिंगो व्ह्यू’ म्हणून फ्लॅटचा भाव चढवायचा! पाण्याची वाट बंद दिसली तर मोसम संपायची वाट पाहू नका. तारीख-वेळेसह फोटो काढा, वनखात्याच्या कांदळवन (खारफुटी) कक्षाकडे लेखी तक्रार द्या, पोच घ्या. कोर्टात जायचं असेल तर आधी वकिलाला विचारा.

एक बोटवाला जादा पैशांत थवा उडवून दाखवतो. जावं का?
नको. पक्ष्यांचं चरणं मोडतं ते तुमच्या रीलसाठी. ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून वनखात्याची बोटफेरी आहे. भरतीची वेळ तिथेच विचारून घ्या.

खारफुटीतला कोल्हा रात्री गेटपाशी येतो. आई त्याला पोळी घालते.
आजपासून बंद. 2024 मध्ये मुंबईतल्या कोल्ह्यांत रेबीज सापडलाय. तो लंगडत असेल, अंगावर येत असेल तर लांब राहून वनखात्याला 1926 वर कळवा. चावला किंवा ओरखडलं तर मला पत्र लिहीत बसू नका. जखम साबण-पाण्याने धुऊन लगेच दवाखाना गाठा.