तिन्ही रेंज बरोबर, तरी बोर्ड जळतो? नॉब अर्ध्यात धरून बघा

एलएम३१७ (हवा तो स्थिर व्होल्टेज देणारा आयसी), इनपुट १५ व्होल्ट, रोटरी स्विचवर (नॉब फिरवून बदलायच्या) ३.३, ५ आणि ९ व्होल्टच्या तीन रेंज. मीटरवर तिन्ही आकडे बरोबर येतात, तरी ५ वरून ३.३ वर आणताना आउटपुटला जोडलेला एखादा सर्किट बोर्ड मधूनच मरतो, असं तुम्ही लिहिलंय. वाचून पोटात कालवलं. मी हेच कितीतरी महिने भोगलंय. डायोड, कपॅसिटर, ग्राउंड हे तुम्ही नीट केलं असेल असं धरतो.

तुमच्या आकृतीत रेझिस्टर निवडणारा स्विच अ‍ॅडजस्ट पिन (आउटपुट किती हे जिच्यावरून ठरतं ती आयसीची पिन) आणि ग्राउंड यांच्यामध्ये आहे. माझाही तिथेच होता. साधा रोटरी स्विच एका जागेवरून पुढच्या जागेवर जाताना काही क्षण कुठेच टेकलेला नसतो. तेवढ्यात अ‍ॅडजस्ट पिनचा ग्राउंडकडचा रस्ता तुटतो आणि आउटपुट थेट इनपुटच्या दीड-दोन व्होल्ट खालपर्यंत चढतं. म्हणजे ३.३ च्या बोर्डाला १३ व्होल्ट! मीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो, त्याला हे पकडता येत नाही. बोर्ड काढून ठेवा, आउटपुटला मीटर लावा आणि नॉब हळूहळू फिरवून दोन खुणांच्या मधोमध धरा. मी धरला तेव्हा १३.२ दिसलं. त्याआधी माझे चार बोर्ड गेले होते. एकावर तीन महिन्यांच्या तापमानाच्या नोंदी होत्या, त्याही गेल्या. आयसी तीनदा बदलला, बोर्डांना दोष दिला, पण स्विच नवा कोरा म्हणून त्याच्याकडे पाहिलंच नाही. सगळ्यात महाग पडलं ते हे.

मग वाटलं, पुढचा संपर्क जुळल्यावरच मागचा सोडणारा स्विच घ्यावा. विक्रेत्याच्या मदतकक्षाला एवढंच विचारलं, की हा मॉडेल आधी जोडतो की आधी तोडतो? तीन वेळा लिहिलं, तिन्ही वेळा उत्तर आलं की संपर्कांची क्षमता ०.३ अँपिअर आहे. प्रश्न वाचायचे कष्टच घ्यायचे नसतील तर मदतकक्ष ठेवता कशाला? शेवटी घरीच तपासलं. शेजारशेजारच्या दोन संपर्कांना मीटरची टोकं लावून बझर चालू केला आणि नॉब सावकाश फिरवला. मध्येच बझर वाजला तर तो आधी जोडणारा. माझा वाजला नाही.

तसा स्विच मिळाला तरी माझं मत विचाराल तर त्यावर भिस्त ठेवू नका. संपर्कावर धूळ बसली की पुन्हा तेच. त्यापेक्षा स्विचची जागाच बदला. अ‍ॅडजस्ट आणि ग्राउंडमध्ये २०० ओहमचा रेझिस्टर कायमचा सोल्डर करा. आउटपुट आणि अ‍ॅडजस्टमध्ये १२० ओहम, तोही कायमचा. एवढ्यावर ३.३४ व्होल्ट येतात. स्विचने फक्त १२० ला समांतर रेझिस्टर जोडायचे: १५० लावला की ५, आणि २२-२२ चे दोन सिरीजमध्ये लावले की ९. संपर्क सुटला, मळला, अर्ध्यात अडकला, तरी आउटपुट ३.३ वरच उतरतं. मात्र या जोडणीत आधी तोडणाराच स्विच हवा. आधी जोडणारा लावलात तर ५ आणि ९ चे रेझिस्टर क्षणभर एकत्र येतात आणि साडेदहाच्या वर जातं.

९ व्होल्टला त्या २०० ओहममध्ये जवळजवळ ०.३ वॅट जिरतो. पाव वॅटचा लावू नका, १ वॅटचा घ्या. आणि १२० च्या जागी बऱ्याच आकृत्यांमध्ये दिसणारा २४० टाकू नका. आउटपुटला काहीच जोडलेलं नसताना ते स्थिर ठेवायला एलएम३१७ ला १० मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह लागू शकतो, २४० मधून जेमतेम ५ जातो.

९ वरून खाली येताना आउटपुटचा कपॅसिटर लगेच रिकामा होत नाही, कारण हा आयसी प्रवाह देतो, परत ओढून घेत नाही. म्हणून बोर्ड काढा, रेंज बदला, मीटर बघा, मगच बोर्ड लावा. मी तर आता रेंजसाठी नॉबऐवजी जंपरच (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) वापरतो, चालू असताना हात जाण्याचा प्रश्नच येत नाही.

हे सगळं कमी व्होल्टेजच्या बाजूपुरतं आणि माझ्या टेबलावरच्या अनुभवातून सांगतोय. तुमचा लोड मोठा असेल तर उष्णतेचा हिशोब वेगळा करा: १५ मधून ३.३ काढताना ०.३ अँपिअरलाच साडेतीन वॅट आयसीत जिरतात. हीटसिंक लागेलच. आणि आयसीचा धातूचा पत्रा आउटपुटलाच जोडलेला असतो, त्यामुळे हीटसिंक धातूच्या डब्याला टेकणार असेल तर मध्ये मायका वॉशर आणि स्क्रूला प्लास्टिकची बुशिंग घाला.