हल्ली मराठीत चांगली कविता कोण लिहितंय? मला तर सगळा मुक्तछंद म्हणजे तोडलेलं गद्य वाटतं

तक्रार जुनीच आहे. कवी अनिलांची 'भग्नमूर्ती' १९४० सालची, तीही मुक्तछंदात. म्हणजे वृत्त सुटून ऐंशीच्या वर वर्षं झाली, पण आपल्या कानात अजून शाळेतली चाल बसलेली असते. अर्थात मोबाइलवर फिरणाऱ्या बहुतेक कवितांबद्दल तुमचं म्हणणं मला मान्य आहे. ते तोडलेलं गद्यच असतं, तेही बेताचं.

पण कल्पना दुधाळ यांच्या संग्रहाचं नुसतं नाव बघा : 'सिझर कर म्हणतेय माती'. सिझर हा शब्द दवाखान्यातला, पण आता बायकांच्या रोजच्या बोलण्यातला. त्याच्या जागी 'शस्त्रक्रिया' घालून पाहा, ओळ जागीच मरते. बोलतेय कोण, तर माती. अडलेली बाळंतीण बोलावी तशी. आणि 'म्हणते' नाही, 'म्हणतेय'. म्हणजे ऐकणारा समोर उभा आहे आणि अजून हललेला नाही. मोठ्यानं म्हटलंत तर 'कर'पाशी आपसूक थांबाल. लय असते ती ही.

वाहरू सोनवणे यांची 'स्टेज' जरा जुनी, पण तीही वाचाच. बोलावलं नाही म्हणून खाली बसून राहिलेली माणसं, आणि स्टेजवरून त्यांना त्यांचंच दुःख सांगणारे लोक. बास, एवढंच. वृत्तात बसवली असती तर उगाच गोड झाली असती.

आणखी नावं हवीत तर प्रज्ञा दया पवार, वर्जेश सोलंकी, अजय कांडर. नव्यांत सुशीलकुमार शिंदे (राजकारणातले नव्हेत) आणि विशाखा विश्वनाथ. दोघांनाही साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळालाय, २०१९ आणि २०२३ साली. चालीशिवाय करमतच नसेल तर इंद्रजित भालेराव. त्यांची कविता आजही म्हणता येते.

फक्त सुट्या कवितेवरून कवी ठरवू नका. अनुराधा पाटील यांच्या दोन-तीन कविता इकडेतिकडे वाचून मी 'उदास आहे' म्हणत त्यांना बाजूला ठेवलं होतं. मग 'कदाचित अजूनही'ला २०१९चा अकादमी पुरस्कार मिळाला, म्हणून तो संग्रह सलग वाचला. त्या आवाज चढवत नाहीत, एवढंच होतं. सुट्या कवितेत मला तो ऐकूच आला नव्हता.

सुरुवात दुधाळांपासून करा, आणि मोठ्यानं वाचा. घरचे हसले तर हसू द्या.