सतराने भागताना

प्रश्न : माझा मुलगा आठवीत आहे. ३६ ला १० ने गुणायलाही त्याला कॅल्क्युलेटर लागतो. त्याच्या बाई म्हणतात, वापरू द्या, मी वर्गातही वापरते. मला तर तो पाढे विसरेल अशी धास्ती वाटते. घरात कॅल्क्युलेटर बंदच करू का? – एक आई

उत्तर : ताई, दहाने गुणायला कॅल्क्युलेटर नकोच. पाढेही तोंडपाठच हवेत. पण बंदी घालू नका.

मी सव्वीस वर्षं गणित शिकवते आहे. माझ्या वर्गात बटण दाबण्याआधी वहीत अंदाज लिहावा लागतो. ४८ × ५२ म्हणजे साधारण पन्नास गुणिले पन्नास, अडीच हजारांच्या आसपास. मग पडद्यावर २४९.६ दिसलं, की मूल आपणहून म्हणतं, "बाई, मध्येच पॉइंट दाबला गेला."

आता मुलाला शेजारी बसवून एक करून बघा. साध्या आठ आकडी कॅल्क्युलेटरवर १ ÷ १७ करा. ०.०५८८२३५ येईल. माझ्या एका विद्यार्थिनीने एवढं बघून 'आवर्ती नाही', म्हणजे आकडे पुन्हा पुन्हा येत नाहीत, असं लिहून टाकलं होतं. यंत्राची जागा संपली होती, भागाकार कुठे संपला होता?

पॉइंटनंतरचे चारच आकडे घ्या, हा पहिला गट : ०५८८. ५८८ × १७ = ९९९६. चार आकड्यांसाठी १ पुढे चार शून्यं, म्हणून दहा हजारांतून वजा केले, बाकी ४. आता ४ ÷ १७ करा, पुढचे चार आकडे २३५२. ४०००० मधून ३९९८४ गेले, बाकी १६. १६ ÷ १७ केलं की ९४११, बाकी १३. १३ ÷ १७ केलं की ७६४७ आणि बाकी… १! जिथून निघालो तिथेच आलो. सोळा आकड्यांचं चक्र पूर्ण झालं. या क्षणी वर्गात जो गलका होतो, त्यासाठी मी दरवर्षी हा तास घेते.

असं होणारच होतं. इथे बाकी १ ते १६ यांतलीच उरू शकते, त्यामुळे कधीतरी जुनी बाकी पुन्हा भेटणारच. हाताने सोळा पायऱ्या करताना मुलं नवव्या-दहाव्या पायरीला घसरतात आणि ही गंमत हुकते. कॅल्क्युलेटर तो शीण वाचवतो, पण बाकी पडद्यावर दिसत नाही, ती वहीतच काढावी लागते. भागाकार न समजलेल्या मुलाचं इथे पहिल्याच गटाला अडतं, आणि त्याला काय येत नाही ते आपल्याला कळतं.

जमलं, की त्याला १ ÷ १३ द्या. तिसऱ्या गटानंतर बाकी १ येईल आणि तो म्हणेल, बारा आकड्यांचं चक्र. लगेच हो म्हणू नका. ते बारा आकडे सलग लिहून नीट बघायला सांगा.