पलंगालगतची कॉट आणि मधली फट

प्रश्न : बाळ दोन महिन्यांचं आहे. सिझेरियन झाल्यामुळे रात्री सारखं उठायला नको म्हणून पलंगाला लावायची कॉट घेतली. पण आमचा बॉक्स पलंग आहे, कॉट त्याला पूर्ण चिकटत नाही. मधे चादरीची गुंडाळी घातली आहे. चालेल का? (इंदिरानगर)

नाही, चालणार नाही. ती गुंडाळी आज रात्रीच काढा.

या कॉटची पलंगाकडची बाजू खाली करता येते आणि तिचे पाय पलंगाच्या खाली सरकतील, अशा बेतानेच बनवलेले असतात. आपल्याकडचे बॉक्स पलंग जमिनीपर्यंत बंद असतात, त्यामुळे पाय आत जात नाहीत आणि दोन-तीन इंच फट राहते. दोन महिन्यांचं बाळ पालथं होत नसलं तरी हातपाय झाडत बाजूला सरकतं. तोंड किंवा मान फटीत अडकली, तर मान उचलून श्वास मोकळा करण्याइतकी ताकद त्याच्यात नसते. त्यातून ते रडतही नाही, म्हणून शेजारी झोपलेल्या आईला काही कळत नाही. गुंडाळीने फट बुजल्यासारखी दिसते, पण कापड दबतं, सरकतं आणि बाळाच्या नाकाशी येतं.

काही कॉटचे पाय आत दुमडता येतात. तुमच्या कॉटला ती सोय असेल तर वापरा. मग सोबत आलेले पट्टे पलंगाच्या गादीखालून पलीकडच्या कडेपर्यंत, पुस्तिकेत दाखवल्याप्रमाणे बांधा. उंचीही जुळायला हवी. बहुतेक पुस्तिकांमध्ये कॉटची खाली केलेली कड आणि मोठ्या गादीचा पृष्ठभाग एका पातळीत ठेवायला सांगितलेलं असतं. आपली कापसाची गादी दबून दबून बसते, तेव्हा तुम्ही त्यावर आडव्या झाल्यावर पातळी पाहा. शेवटी कॉट दोन्ही हातांनी जोरात बाहेर ओढा. जराही सरकली, तर जोडणी झालेली नाही असं समजा. पट्टे रोज झोपण्याआधी तपासा, कारण सकाळी केर काढताना कॉट हलतेच.

पाय दुमडत नसतील, तर चारही बाजू वर करून, त्यांचे खटके लावून कॉट पलंगाजवळ पण वेगळी ठेवा. बाळाला घ्यायला थोडं उठावं लागेल. टाके दुखत असतील तेव्हा हे सांगणं मला जड जातं, पण रात्री उचलून द्यायला बाळाचे बाबा आहेत, आजी आहेत. ही मदत हक्काने मागा.

प्रश्न : आम्ही निफाडकडचे. थंडीत पारा दहाच्या खाली जातो. सासूबाई कॉटमध्ये गोधडी, टोपरं आणि डोक्याला मोहरीची उशी हवीच म्हणतात.

सासूबाईंची काळजी खरी आहे, निफाडची थंडी मलाही माहीत आहे. ऊब मात्र अंगावरच्या कपड्यांतून द्या. तुम्हाला जेवढे कपडे पुरतात त्यापेक्षा बाळाला एक थर जास्त, एवढं पुरे. सैल गोधडी तोंडावर येते. घरात झोपताना टोपरं नको, कारण बाळ जादाची उष्णता बरीचशी डोक्यातूनच बाहेर टाकतं. हातपाय गार लागले म्हणून घाबरू नका. मानेमागे किंवा छातीवर हात ठेवा. तिथे घाम असेल तर एक कपडा कमी करा.

मोहरीची उशी नको. डोक्याचा आकार चांगला राहावा म्हणून रोज डोकं वेगळ्या बाजूला वळवून झोपवा, आणि बाळ जागं असताना, तुमच्या नजरेसमोर, थोडा थोडा वेळ पोटावर ठेवा. झोपवायचं मात्र प्रत्येक वेळी पाठीवरच, दुपारच्या झोपेलाही. आणि बंद खोलीत कोळशाची शेगडी रात्रभर ठेवू नका. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि तो बाळाइतकाच बाळंतिणीलाही घातक आहे.

प्रश्न : दूध उलटतं म्हणून कॉटची डोक्याकडची बाजू उंच केली तर? (पंचवटी)

नको. उतारावर बाळ खाली घसरतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट दबते. पाठीवर झोपल्यावर श्वासनलिका अन्ननलिकेच्या वर येते, त्यामुळे उलटलेलं दूध श्वासनलिकेत जाण्याचा धोका वाढत नाही. पाजल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढा आणि मग सपाट झोपवा. उलटी हिरवी असेल किंवा वजन वाढत नसेल, तर तातडीने डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : नवऱ्याची सातपूरला रात्रपाळी असते. पाजता पाजता मला डुलकी लागते. कॉट उघडीच आहे, मग बाळ माझ्याजवळ राहिलं तर काय झालं?

थकलेल्या आईला डुलकी लागणारच, त्यात तुमचा दोष नाही. म्हणून आधीच तयारी ठेवा. सोफ्यावर पाजायला बसू नका. बाळासह तिथे झोप लागणं सर्वांत धोक्याचं. पलंगावरच पाजा, पण आधी उशा आणि पांघरूण दूर सारा. जाग आली की लगेच बाळाला कॉटमध्ये ठेवा. मोठ्यांच्या गादीवर त्याची झोप नको. गुंगी आणणारं औषध घेतलं असेल, तर पाजताना घरातल्या कुणाला तरी जागं ठेवा. खोलीत कुणीही विडी-सिगारेट ओढता कामा नये.

प्रश्न : जावेने वापरलेली कॉट मिळाली आहे. बाळ पाचव्या महिन्यात आहे. (सिडको)

आता घेऊ नका. बाळ कुशीवर वळू लागलं, हातांवर जोर देऊन उठू लागलं किंवा बसू लागलं की या कॉटचं काम संपतं. पाचव्या-सहाव्या महिन्यात ते होतंच. उंच कठड्याची मोठी कॉट बघा आणि पहिले सहा महिने तरी ती तुमच्याच खोलीत ठेवा. तीही जुनी असेल तर तिची मूळ गादी सोबत आहे का ते विचारा. दुसरी मऊ गादी कडेला फट ठेवते आणि तोंडाखाली खचते.